मागचा दिवा

आमच्या धाकट्याच्या गाडीला मागून तीन दिवे होते आणि त्यातला मधला एकच पेटायचा. बाजूचे दोन नुसते नावाला. गाडी खड्ड्यातून गेली की ते डब्यातल्या फुटाण्यासारखे वाजायचे. वस्तीवर बसल्या जागी मला आवाजावरून कळायचं की धाकटा आला. माझी बायको म्हणायची, "भाऊजींच्या गाडीला हॉर्नची गरजच नाही."

गाडी म्हणजे मोटारसायकलच, पण तीन चाकांची. त्याचा डावा पाय पोलिओने गेलेला. २०१२ साली त्याने एक जुनी स्प्लेंडर घेतली आणि नगरच्या एका गॅरेजवाल्याकडे टाकली. त्याने मागचं चाक काढलं, तिथे चेनवर फिरणारा आडवा आख टाकला, आखाच्या दोन टोकांना दोन चाकं बसवली. डाव्या पायाने टाकायचा गिअर लांब दांडा जोडून हातापाशी आणला. हे काम त्या माणसाने दणकट केलं होतं, खोटं कशाला बोलू. इतक्या वर्षांत आख कधी वाकला नाही. पण दिव्यांपाशी येईतोवर त्याचा जीव कंटाळला असावा. मागच्या दोन चाकांवर फायबरचे गोल मडगार्ड होते. त्यावर त्याने ट्रॉलीला लावतात तसले चौकोनी लाल दिवे ठोकले. दिव्याचं बूड सपाट आणि मडगार्डची पाठ गोल. वरवंट्यावर पाट ठेवल्यासारखं झालं. बोल्ट आवळले तर दिवा मधोमध टेकायचा आणि कडेला दोन बोटं फट राहायची. तोंडही मागे नाही, वर. मागून येणाऱ्याला दिसण्याऐवजी तो दिवा आभाळातल्या चांदण्यांना दिसायचा.

मी शेतकरी माणूस, पण वायरीचं थोडंबहुत कळतं. १९७६ ला दहावी झालो. आमच्या आधीच्या पोरांची मॅट्रिक अकरावीला व्हायची, आमची दहावीला. पुढे शिकायची ऐपत नव्हती म्हणून काही दिवस मोटारी भरणाऱ्याच्या दुकानात हाताखाली काम केलं, मग शेतीच धरली. तरी आजूबाजूच्या वस्त्यांवर स्टार्टर जळाला, बोअरची केबल उडाली की मला बोलावणं येतं. म्हणजे ते दोन दिवे नीट करणं माझ्या हातचं काम होतं. मी दर वेळी म्हणायचो, "आण रे एकदा, बघून देतो." तो म्हणायचा, "आणतो." त्याने आणली नाही आणि मीही धरून ठेवली नाही. अशी दहा-अकरा वर्षं गेली. घरातलं काम घरातल्या माणसाकडून सगळ्यात उशिरा होतं.

गाडी पास करायला आम्ही दोघं नगरच्या आरटीओत गेलो होतो, ती एक गोष्ट सांगायची राहिली. गाडीत असा मोठा फरक केला की तो नोंदवावा लागतो, तेव्हाच ती कायद्याने रस्त्यावर आणता येते. अपंगाच्या गाडीला करात सूटही मिळते. कागद हातात आले. धाकट्याने वाचले. त्यावर गाडीचा प्रकार इंग्रजीत लिहिला होता, इनव्हॅलिड कॅरेज. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातच २०१९ च्या दुरुस्तीपर्यंत तो शब्द होता. त्याचा अर्थ आजारी किंवा अपंग माणसाची गाडी असा होतो, हे मला नंतर एका मास्तरांनी सांगितलं. पण धाकटा तेव्हा मोबाईलचे रिचार्ज मारायचा. त्याला तो शब्द दिवसातून दहा वेळा दिसायचा. नंबर चुकला की मशीन म्हणायचं, इनव्हॅलिड. तो म्हणाला, "दादा, इनव्हॅलिड म्हंजी बाद. त्यांनी मलाच बाद केलं का गाडीला?" मी हसलो. तोही हसला. परतीच्या वाटेवर करंजी घाट उतरेपर्यंत मात्र तो बोलला नाही.

त्याला पोलिओ झाला तेव्हा तो दोन वर्षांचा होता. ताप आला, ताप उतरला, आणि पोरगं उभं राहीना. आई म्हणायची, कुणाची तरी नजर लागली. मढीला कानिफनाथाला नेलं, वृद्धेश्वराला नेलं, वैदूचा लेप झाला. पाय वाळत गेला. १९७२ च्या दुष्काळात तो सहा वर्षांचा आणि मी बारा वर्षांचा. आई-वडील दोघं पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला. मी त्याला पाठुंगळी घेऊन तिथे जायचो, कारण तिथे सुकडी मिळायची. त्याचे दोन्ही हात माझ्या गळ्याला आणि एक पाय माझ्या कमरेला घट्ट. दुसरा पाय नुसता हलायचा, चालताना माझ्या मांडीवर आपटायचा. तो पाय मला अजून मांडीला जाणवतो, म्हणून लिहितो.

पुढे शाळेतही तो पाठुंगळीच आला. मी दहावी होऊन शाळा सोडली आणि त्याची शाळाही चौथीला सुटली, कारण न्यायला कोणी उरलं नाही. हे आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलत नाही.

नंतर सरकारने अपंगांना एसटीडी बूथ द्यायला सुरुवात केली, तेव्हा त्याला तिसगावात बूथ मिळाला. पिवळी पाटी, काचेची खोली, आत लाल आकड्यांचं मीटर. गावातली निम्मी सुखदुःखं त्या काचेतून गेली. ऊसतोडीला गेलेल्यांचे फोन, मुंबईला माथाडीत असणाऱ्यांचे फोन. पाथर्डी तालुक्यातून दरवर्षी किती माणसं कोयता घेऊन बाहेर पडतात ते सांगायला नको. त्यांचे निरोप हा लिहून घ्यायचा आणि वस्त्यांवर पोचते करायचा. १९९५ ला पल्स पोलिओ सुरू झाला, तेव्हा फोनला आलेल्या प्रत्येक लेकुरवाळीला तो पहिला प्रश्न विचारायचा, "डोस पाजला का?" नाही म्हणाली तर फोन लावून द्यायचा नाही, आधी शाळेत पाठवायचा. बाया त्याला शिव्या घालत जायच्या आणि डोस पाजून यायच्या. २०१४ साली आपला देश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला, तेव्हा त्याने दुकानात पेढे वाटले. आता बूथ गेले. त्याच जागेत झेरॉक्स, लाइट बिल, रिचार्ज चालतं. रात्री आठ-साडेआठला शटर ओढतो आणि चार किलोमीटर वस्तीवर येतो.

हे चार किलोमीटर म्हणजे कल्याण-निर्मल महामार्ग. आमच्या लहानपणी ही नुसती नगर-पाथर्डी सडक होती. वडील उसाची गाडी घेऊन कारखान्याला निघाले की साट्याखाली कंदील टांगायचे. मला वाटायचं बैलांना दिसावं म्हणून. बैलांना कंदील लागत नाही, त्यांना वाट पाठ असते. कंदील मागच्यासाठी होता. तेव्हा मागून येऊन येऊन काय येणार, दुसरी बैलगाडीच. आता मागून ट्रक येतो, कंटेनर येतो, रात्रीच्या ट्रॅव्हल्स येतात. सीझन सुरू झाला की वृद्धेश्वर कारखान्याकडे जाणाऱ्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. मागे उसाचा पाला लोंबत असतो आणि दिवा असला तरी त्या पाल्याआड. नवरात्रात मोहट्याला पायी जाणारी माणसं अंधारातून चालतात. या सगळ्यात आमचा धाकटा, मागे एक मिणमिणता दिवा घेऊन.

पौषातली गोष्ट. थंडी चांगली पडलेली. नऊ वाजून गेले तरी फुटाणे वाजले नाहीत. धाकट्याची बायको दारात येऊन उभी राहिली. "दादा, अजून आले नाहीत." फोन लावला तर उचलेना. मी मोटारसायकल काढली. दीड किलोमीटरवर मोरीपाशी चार माणसं, एक टेम्पो आडवा, आणि आमची गाडी तोंड फिरवून रस्त्याच्या खाली शेतात. धाकटा बांधावर बसलेला. कोपर सोललं होतं, बाकी काही नाही. गाडीचं उजवं मडगार्ड मात्र पार उडालं होतं आणि चाकाचा रिम वाकलेला. टेम्पो त्याला ओलांडून जाताना त्याच्या उजव्या चाकाला घासला होता.

टेम्पोवाला पळून गेला नव्हता, हे त्याचं मोठेपण. पंचविशीतलं पोरगं, भाजी घेऊन चाललेलं. थरथर कापत होतं. माझ्यापुढे हात जोडून म्हणालं, "बाबा, मला वाटलं टू-व्हीलर हाये. टू-व्हीलरला जेवढी जागा सोडत्यात तेवढी सोडली व्हती मी."

मी त्याला काय बोलणार? खरंच बोलत होता. मागून एकच दिवा दिसतो, मधोमध. बघणारा त्या दिव्याभोवती मोटारसायकलीएवढा माणूस मनात धरतो आणि बाजूने काढतो. पण इथे त्या दिव्याच्या दोन्ही अंगांना पावणेदोन-दोन फूट गाडी अंधारात पसरलेली. आणखी एक गोष्ट आहे, ती मला त्या रात्री घरी जाताना कळली. पुढे एक दिवा असला तर तो किती लांब आहे ते डोळ्याला सांगता येत नाही. दोन असले तर जवळ जाता जाता ते एकमेकांपासून फाकत जातात आणि डोळा आपोआप अंतर धरतो.

दुसऱ्या दिवशी गाडी ट्रॅक्टरने ओढून माझ्या गोठ्यापुढे आणली. मी पोत्यावर बसलो, पाने, पक्कड, टेस्टर घेतलं आणि डाव्या बाजूचा दिवा आधी उघडला, कारण तो धड होता. माझा अंदाज होता की हादऱ्याने वायरी तुटल्या असतील. बूड नीट टेकलेलं नसलं की दिवा थरथरतो, बल्बची तार तुटते, वायर कडेला घासून सोलते. दहा-अकरा वर्षांत हे होणारच.

बल्ब चांगला निघाला. होल्डरला थोडा गंज, तेवढाच. वायर मागे मागे ओढत गेलो. सीटखाली ती संपली. तुटलेली नव्हती, कापलेली होती. पक्कडीने सरळ कापून टोकाला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली, तीन वेढे, घट्ट. उजव्या बाजूचीही तशीच. पट्टी जुनी होऊन दगड झाली होती.

मी मान वर केली. तो बाजेवर बसला होता, कोपराला हळद लावलेली. मी काही विचारलं नाही. तोच म्हणाला, "नवी गाडी आणली त्याच साली कापल्या."

"का रं?"

"वाजत व्हत्या."

"वायरी वाजत नाहीत. दिवं वाजत्यात, ते तर तू काढले नाहीस."

बराच वेळ तो गोठ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मागून एकच दिवा दिसला म्हंजी मोटारसायकल दिसती दादा. रातच्याला कुणालाच कळत नाही. दिवसभर लोकं बघत्यातच की. पोरं मागं लागत्यात, गाडीचा फोटो काढत्यात. रातीचं तेवढं चार किलोमीटर मी कसा येतो ते कुणाला दिसत नाही. माझ्या पुढून मोटारसायकलवाला गेला तर मीबी मोटारसायकलवाला."

माझ्या हातात ती कापलेली वायर तशीच राहिली.

मला रागवायचा हक्क नव्हता, कारण लपवायला त्याला मीच शिकवलं होतं. १९९० च्या सुमाराची गोष्ट असेल. शेवगावकडचे पाहुणे त्याला बघायला येणार होते. बूथ अजून मिळालेला नव्हता, पण मुलगा दिसायला देखणा, बोलायला गोड. पायाचं आम्ही मध्यस्थाला सांगितलं होतं, "जरा अधू आहे." जरा. पाहुणे यायच्या आधी मी त्याला बाजेवर बसवलं आणि म्हणालो, "ते जाईपर्यंत उठायचं नाही. पायावर वाकळ घे." भर उन्हाळ्यात वाकळ. त्याने घेतली. पोहे झाले, चहा झाला, बोलणंही जमत आलं. पाहुणे उठले. मुलीचा आजा म्हातारा होता, तो याच्यापाशी आला आणि डोक्यावर हात ठेवला. आता वडीलधारा समोर उभा राहिल्यावर बसून कसं राहायचं? धाकटा पाया पडायला उठला. वाकळ खाली पडली. पाहुणे चपला घालेपर्यंत कोणी काही बोललं नाही आणि नंतर त्यांचा निरोप आला नाही. त्या रात्री आई मला म्हणाली, "तू वाकळ घातलीस म्हणून त्याचा पाय दोन हाताचा झाला." नंतर त्याचं लग्न झालं ते बूथवर फोनला येणाऱ्या बाईच्या नात्यातल्या मुलीशी. तिने त्याला दिवसाउजेडी कुबडी टेकत रस्ता ओलांडताना पाहिलं होतं आणि मगच हो म्हटलं होतं.

हे मी त्याला बोलून दाखवलं नाही. त्यालाही आठवलं असेल, नसेलही. मी म्हणालो, "संध्याकाळपर्यंत थांब. मग तुला वाटलं तर परत कापून देतो, माझ्या हाताने."

आता कामाचं सांगतो, कारण अशा गाड्या आता गावोगाव झाल्यात आणि बहुतेकांच्या दिव्यांची हीच गत आहे.

पहिली चूक म्हणजे दिवा मडगार्डवर बसवणं. फायबरचं मडगार्ड पातळ, ते सारखं हलतं. त्यावर काहीही वजन टाका, भोक मोठं होत जाणार. मी मडगार्डला हातच लावला नाही. तीन एमएमची लोखंडी पट्टी घेतली, गुडघ्यासारखी वाकवली आणि तिसगावच्या वेल्डिंगवाल्याकडून आखाच्या वरच्या फ्रेमला दोन्ही टोकांना जोडून आणली. पट्टी मडगार्डच्या मागून खाली येते, त्याला शिवत नाही. दिव्याचं सपाट बूड पट्टीच्या सपाट अंगावर बरोबर बसलं आणि तोंड सरळ मागे. मध्ये ट्रकच्या चिखलपट्टीचं रबर दिव्याच्या मापाने कापून घातलं, म्हणजे हादरा रबर खातं. बोल्टखाली स्प्रिंग वॉशर, त्यावर नट, त्यावर आणखी एक नट. दिव्याच्या काचेला खालच्या अंगाला बारीक भोक पाडलं. लोक सगळीकडून एमसील लावून बंद करतात. पाणी तरीही शिरतंच, मग त्याला बाहेर पडायला वाट लागते. दोन्ही दिवे जमिनीपासून सारख्या उंचीवर आहेत का ते सुतळीने मोजलं. एक बोटाचा फरक होता, तो काढला. मधला दिवा ठेवला, नंबरप्लेटवर उजेड त्याचाच पडतो.

वायर जुनी वापरली नाही. नवी टाकली आणि ठिबकच्या सोळा एमएमच्या नळीचा तुकडा घेऊन त्यातून ओवली. शेतकऱ्याच्या घरी ती नळी नसेल असं होत नाही. उंदीर कुरतडतो, पण त्याला वेळ लागतो.

सगळं जोडून स्विच टाकला. दोन्ही दिवे पेटले, पण कसे, तर विझत आलेल्या निखाऱ्यासारखे. ब्रेक दाबला तर ब्रेकलाइट लागायच्या ऐवजी इंडिकेटर मंद मंद पेटले. धाकटा म्हणाला, "भूत शिरलं." भूत नव्हतं, अर्थ नव्हता. अर्थ म्हणजे अर्थिंग. मोटारसायकलीत एक वायर करंट आणते आणि परत जायची वाट गाडीच्या लोखंडातून असते. पहिल्या कारागिराने परतीची एकच बारीक वायर काढली होती आणि ती फ्रेमच्या बोल्टखाली रंगावरच दाबली होती. रंगातून करंट जात नाही. मग तो परतायला दुसऱ्या बल्बमधून वाट काढतो आणि भलतेच दिवे पेटतात. डीपीवरचं न्यूट्रल तुटलं की एका घरातले बल्ब उडतात आणि शेजारच्या घरात मिणमिणतात, ते आपण पाहिलेलं असतंच. तसलाच प्रकार. काचपेपरने फ्रेमवरचा रंग घासून लोखंड पांढरं केलं, दोन्ही दिव्यांची वेगवेगळी जाड वायर तिथे आवळली, वरून ग्रीस फासलं. मग स्विच टाकला तर गोठ्याच्या भिंतीवर लाल उजेड पडला.

बल्बचीही एक गोम आहे. मागच्या बल्बमध्ये दोन तारा असतात. पाच वॅटची रात्रभर जळायची आणि एकवीस वॅटची ब्रेकची. बल्बच्या बुडाला दोन पिना असतात, एक वर, एक खाली, म्हणजे तो उलटा बसू नये. पण होल्डर झिजला की उलटाही बसतो. मग रात्रभर ब्रेकचा झगझगीत दिवा चालू राहतो आणि ब्रेक दाबला की कळतच नाही. उजव्या होल्डरमध्ये तेच झालं होतं, होल्डर बदलला. दिवे वाढले की ओझंही वाढतं. इंजिन सावकाश असताना पुढचा दिवा पहिल्यापेक्षा जरा मंदावतो. धाकट्याला सांगितलं, मोठ्या गिअरमध्ये गाडी रडवायची नाही.

रात्री साडेसातला मी म्हणालो, "चल मोरीवर." त्याला माझ्या मोटारसायकलवर मागे बसवून नेलं, मोरीच्या कठड्यावर बसवलं आणि परत येऊन त्याची गाडी काढली. ज्याची गाडी असते त्याने ती मागून चालताना कधी पाहिलेली नसते. तेच मला त्याला दाखवायचं होतं.

पण आधी माझीच फजिती झाली. चाळीस वर्षं मी दोन चाकं चालवली. वळणावर अंग झुकवायची सवय. तीन चाकांची गाडी झुकत नाही. तुम्ही झुकता आणि ती सरळ जाते. वस्तीच्या वाटेवरून डांबरीला वळताना मी अंग डावीकडे टाकलं आणि गाडी थेट समोरच्या चरात चालली. कसंबसं हँडल ओढलं. गिअर पायाने शोधतोय तर पायाशी काहीच नाही. हातातला दांडा ओढला तर दोन गिअर एकदम पडले. मोरीपाशी पोचलो तेव्हा धाकटा कठड्यावर पोट धरून हसत होता. "दादा, आता तू इनव्हॅलिड!"

पहिल्या फेरीला बाजूच्या दोन दिव्यांचं कनेक्शन काढून फक्त मधला ठेवला आणि त्याच्या पुढून नगरच्या अंगाला गेलो, अर्धा किलोमीटरवरून वळून आलो. दुसऱ्या फेरीला तिन्ही चालू केले. त्याच वेळी मागून एक ट्रक आला. मला आरशात त्याचे दिवे दिसले आणि खरं सांगतो, पोटात गोळा आला. तो रोज रात्री हेच दिवे आरशात बघत येत होता. ट्रकवाल्याने बऱ्याच लांबून इंडिकेटर दिला, पार पलीकडच्या अंगाने काढला आणि जाताना एक बारीक हॉर्न मारला.

परत आलो तर धाकटा हसत नव्हता. कुबडी पुढ्यात उभी धरून बसला होता.

"काय दिसलं?"

"पहिल्यांदा गेलास तव्हा मोटारसायकल गेली," तो म्हणाला. "नंतर पार ॲपे रिक्षावानी दिसली."

"कापू का मग?"

त्याने उत्तर दिलं नाही. खिशातून तंबाखूची पुडी काढली, मला दिली, स्वतः घेतली. एक उसाचा ट्रॅक्टर गेला, मागे दिवा नाही, नुसता अंधार सळसळत गेला. तो गेल्यावर म्हणाला, "पहिल्या बारीला तू वळून किती लांबून आलास ते मला कळलंच न्हाई. जाताना तर तू हाय का गेलास तेबी कळंना." मग गाडीवर चढला आणि मला म्हणाला, "तू तुझी घेऊन ये मागून. तुझ्या हातात ही दिली तर दोघंबी चरात."

मी मागून आलो. दीड किलोमीटर ते तीन लाल दिवे माझ्या पुढे चालले. बाजूचे दोन सुतळीने मोजल्यासारखे सरळ. फुटाणे वाजले नाहीत. घरी आलो तर त्याच्या बायकोला तो आल्याचं कळलंच नव्हतं. चूल विझवून बसली होती.

दोन-अडीच महिन्यांनी, होळीच्या आसपास, मढीच्या यात्रेची गर्दी रस्त्यावर सुरू झाली होती. सकाळी मी गव्हाला शेवटचं पाणी देत होतो. बांधावरून त्याने हाक मारली. हातात बल्ब होता, गावातून नवा आणलेला, खोक्यात.

"दादा, डावा पेटत न्हाई. दुपारच्या आत बसव. रातच्याला मला यायचंय."